शुद्ध प्रत

३ तारीख, सोमवार

बावन्नाव्या वर्षी नव्याने नोकरीला लागलो. शाळेने संस्कृत बंद केलं तेव्हा निरोपाच्या भाषणांत सहकाऱ्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि माझ्या विषयाला श्रद्धांजली. त्यानंतरचं रिकामपण मेव्हण्याने संपवलं. तो वकील आहे आणि या रुग्णालयाचे खटले बघतो. मला दोन कामं : चिडलेल्या रुग्णांच्या पत्रांना गोड उत्तरं लिहायची, आणि कोर्टात द्यायचे केसपेपर सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. बायको म्हणाली, घरात माझ्या वाक्यांत चुका काढत बसता, त्यापेक्षा तिथे जाऊन काढा.

माझी खोली पहिल्या मजल्यावर, फायलींच्या कपाटांमधली. एका भिंतीत काच आहे, पलीकडे ड्रेसिंगची खोली. सर्जनना सगळे नुसतं साहेब म्हणतात. साहेब स्वतः दारापर्यंत येऊन रुग्णाचा हात हातात घेतात; कुणाची सून रुसली आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक. मुख्य परिचारिका म्हणजे अक्का. साहेब तिच्यापेक्षा मोठे, पण तेही अक्काच म्हणतात. माणसं छान आहेत. खुर्ची मात्र डुगडुगते.

५ तारीख, बुधवार

साहेबांचं अक्षर! वाळवीने खाल्लेल्या पोथ्या मी वाचल्या आहेत, पण वाळवीचीही काही पद्धत असते. अक्काला विचारलं तर म्हणाली, मास्तर, आम्ही वाचत नाही, ओळखतो. पाठभेद ठरवायची सवय मात्र इथे उपयोगी पडते आहे.

७ तारीख, शुक्रवार

आज एक दावेदार भेटली. शिवणकाम करणाऱ्या बाई, माझ्याच वयाच्या. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी त्यांच्या उजव्या मनगटातली गाठ काढली, तेव्हापासून अंगठा आणि दोन बोटं मेली आहेत. दावा जावयाने लावला. बाई आल्या होत्या त्या साहेबांची माफी मागायला! त्यांच्या नवऱ्याला साहेबांनी एकदा मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. जावई ऐकत नाही हो, म्हणाल्या, तुम्ही राग मानू नका. आता डाव्या हाताने कात्री धरायला शिकल्या आहेत. कॉलर जमते, काजं अजून रुसतात. घर त्या हातावर चाललंय.

१० तारीख, सोमवार

बाईंचा केसपेपर उतरवला. साहेबांनी दोन हातांची आकृती काढून एका मनगटावर फुली मारली आहे, पण शेजारचा शब्द वाचताच येत नाही. फुली कागदाच्या डाव्या बाजूला, म्हणून मी ‘डावे मनगट’ असा पाठ घेतला. एक ओळ काही केल्या लागेना, ती गाळली. साहेबांनी न वाचता सही केली, मेव्हण्याने प्रत कोर्टात दिली. त्या समाधानात दोन कप चहा प्यायलो.

१३ तारीख, गुरुवार

घात झाला. बाईंचा हात उजवा! साहेब आकृती समोरून काढतात, रुग्ण समोर बसल्यासारखी. त्याचा उजवा कागदावर डावीकडे येतो. मीच बाईंशी बोललो होतो, तरी फुलीवर विश्वास ठेवला. पंडिताला माणसापेक्षा कागद खरा वाटतो, दुसरं काय.

मेव्हण्याकडे धावलो. तो खूश! दाजी, म्हणाला, दावा उजव्याचा आणि कागद डाव्याचा, तुम्ही तर खटलाच आडवा केलात. उजव्यावरच्या व्रणाचं काय, विचारलं. शिवणाऱ्या बाईला कात्री लागतेच की, म्हणाला. कोर्टाची तपासणी दोन महिन्यांनी आहे, तोवर सगळं भरून येतं.

काय भरून येतं ते मी विचारलं नाही.

साहेब रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सही झालेल्या कागदावर खाडाखोड करायची नसते. मग चूक दुरुस्त कुठे करायची? तर म्हणाले, जिथे करता येते तिथे. मी शिष्टाचार म्हणून हसलो.

१४ तारीख, शुक्रवार

जुन्या फायली काढल्या. एका पोस्टमनची : मूळ नोंद उजव्या गुडघ्याची, कोर्टाची प्रत डाव्याची. चार दिवसांनी तिसरा कागद, ‘डाव्या गुडघ्याची फेरतपासणी, विनामूल्य’. सोबत फोटो. दोन्ही गुडघे शिवलेले.

अशा चार फायली. एकीत डोळा आहे.

पोथी चुकली तर आपण पोथी सुधारतो. इथे पोथी चुकतच नाही. चुकतो तो देह.

१५ तारीख, शनिवार

बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांच्याही फायलीत फेरतपासणीची चिठ्ठी लागली आहे, सोमवारची; जाऊ नका म्हणून हात जोडले. त्या हसल्या. साहेबांनी स्वतः फोन केलाय, मास्तर, म्हणाल्या, फुकट तपासणार आहेत. दावा लावूनसुद्धा! एवढा मोठा माणूस, आणि तुम्ही त्याचंच खाऊन त्याला नावं ठेवता?

जावई परगावी. त्याला पत्र टाकलं. पोलीस चौकीवर हवालदाराने विचारलं, अजून काही घडलंय का? घडल्यावर या, म्हणाला.

१७ तारीख, सोमवार

लिहितो, कारण पाहिलं ते मीच.

अकरा वाजता बाई आल्या. संमतीपत्रावर सही केली, डाव्या हाताने. मास्तर घरी आले होते हेही साहेबांना हसत सांगितलं. मी उठलो तर माझ्या खोलीला बाहेरून कडी. काचेतून सगळं दिसत होतं.

साहेबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. अक्काने दंड आणि मनगट पट्ट्यांनी आवळलं. माझी प्रत साहेबांनी समोर टेकवून ठेवली होती, कृती वाचून पदार्थ करावा तशी. भुलेची सुई ट्रेमध्येच राहिली. मी गाळलेली ओळ भुलेची होती —

पहिला काप पडल्यावर बाई ओरडल्या, “साहेब, हा नाही! हा चांगला आहे!” साहेबांनी प्रतीकडे पाहिलं, मान हलवली, आणि सुरी आत घातली. नस बोटाने उचलून दाखवली अक्काला. पांढरी, दोऱ्यासारखी. कापली. रक्त काचेपर्यंत उडालं. मी खुर्चीने काच फोडायला गेलो, खुर्ची मोडली.

आणि बाई शेवटी काय म्हणत होत्या? “साहेब, तुम्हीच धरा मला.”

साहेबांनी धरलं.

१८ तारीख, मंगळवार

काल संध्याकाळी अक्काने कडी काढली. उद्या वेळेवर या, म्हणाली.

रात्रभर बसून साक्ष लिहिली. डावी बोटं गेली. कात्री नाही, घास नाही. बाईंच्या बाजूने बोलणारा मी एकटा. बायकोला सांगितलं. तिने भावाला. दुसऱ्या कुणाला सांगणार बिचारी —

मेव्हणा दारात. दाजी, घरातली गोष्ट आहे. मी म्हटलं, कोर्टात तोंडी सांगेन. तो म्हणाला, तोंडी? आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

१९ तारीख, बुधवार

मूळ नोंदी घ्यायला आलो. फक्त तेवढ्यासाठी. जावई दुपारच्या गाडीने येतो आहे, त्याच्या हातात द्यायच्या. कपाट रिकामं. मागे कडी —

अक्का आत. सोबत दोन वॉर्डबॉय. हातात साहेबांचा कागद. म्हणाली, हा तेवढा उतरवून द्या, मास्तर.

आता अक्षर लागतं. सहज लागतं. पुरुष, वय बावन्न, पेशा शिक्षक. जिभेवर गाठ. समूळ काढली. भूल — नाही.

तारीख आजची.

खाली साहेबांची सही नाही अजून. सही प्रतीवर होते. प्रत माझी. जे प्रतीत तेच — तेच ते करतात. अक्का वाचत नाही, ओळखते फक्त — पण ती वाकून बघते आहे — रोजनिशी खाली, कागद वर — पलीकडे दिवा लागला. साहेब हात धुताहेत.

आधी इथे लिहितो, मग प्रतीत. चूक नको. शांतपणे.

तपासणीत गाठ आढळली नाही. जीभ निकोप. शस्त्रक्रियेची गरज नाही. रुग्णाला घरी सो