अडल्यावर पाव वळसा

४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

अ. उ. आ. तुम्ही दोघं सुखरूप असाल असं धरून लिहायला बसले आहे. मी बरी आहे. गुडघ्याची तक्रार तुम्ही आता ऐकून घेत नाही, म्हणून ती करत नाही. हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी काही बोलू लागले की तुमची बायको आधी रडते, आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागते.

तुमच्या दादांचा कॉम्प्युटर त्यांच्या मागे सव्वा वर्ष तसाच खिडकीपाशी होता, भिंतीवरचं बटण बंद करून. मागच्या आठवड्यात जळमटं काढली, वायरी पुसल्या, आणि पुसता पुसता बटण लावलं गेलं असावं. माझ्या ध्यानातही नव्हतं. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे बोळात दिव्याखाली पुस्तकं शिवत होते, आणि आतून पंखा सुरू झाला. आधी खरखर, मग एक टक्, मग लांब घरघर. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. हे कामाला बसले की तोच यायचा, आणि याच वेळेला. मी सुई हातात धरून दारापर्यंत गेले. खोलीत कोणी नव्हतं. स्क्रीन उजळली होती.

तिच्यावर चित्र येत होतं. आधी नुसती रेती उधळल्यासारखे काळे-करडे दाणे, मग त्यातून हळूहळू खिडकी. आपलीच खिडकी, भाऊजी. आणि खिडकीपाशी, हे बसायचे तिथेच, एक काळी आकृती. दोन खांदे, वर गोल डोकं, कामावर वाकल्यासारखं. आणखी जरा स्पष्ट होणार, इतक्यात सगळं बंद पडलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललं आहे. तितकंच दिसतं आणि यंत्र बंद पडतं.

यांनी जन्मभर लोकांच्या न बांधलेल्या घरांची चित्रं काढली, आपल्या घराचं कधी काढलं ते मला माहीत नाही. आजारपणात मी आत गेले की ते स्क्रीन काळी करायचे. मी विचारलं होतं, दुसरी कोणी बघून ठेवली आहे का. ते म्हणाले होते, बघितली आहे, पण जागेची अडचण आहे.

मला ते चित्र पुरं झालेलं बघायचं आहे. दुसरं काही नको. त्यात हे असतील तर बघायचं आहे, आणि नसतील तर कोण आहे तेही बघायचं आहे.

यंत्र तापून बंद पडतं हे हात लावून कळलं. कपाटात यांनीच आणून ठेवलेला एक खोका सापडला: पंखा काढून त्या जागी पाण्याने थंड ठेवायचा संच, नळ्या, तांब्याचा चकचकीत ठोकळा. सोबतचा कागद मी दोनदा वाचला. मला हे जमेल का ते कळवा. जमणार नाही असं कळवलंत तर मी करणार हे धरून चाला.

जाता जाता एक. पाकिटावर माझ्या नावाआधी तुम्ही हल्ली काहीच लिहीत नाही. ती मोकळी जागा मला चालते.

दोघांवर माया आहे, ती न लिहिताही ओळखून असा.

तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक. या काळात चार पानी पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच उरला आहात, त्यामुळे पोस्टमन मला आता मान देतो.

आधी भीतीचं. यंत्र कोणत्या वेळी आपोआप सुरू व्हावं आणि कोणतं काम हाती घ्यावं हे त्यात लावून ठेवता येतं. दादाने तसं लावलं असणार. दिवसा गिऱ्हाइकाचं काम, संध्याकाळनंतर स्वतःचं. म्हणजे खोलीत कोणी येत नाही. हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. आकृतीचं मात्र मनावर घेऊ नका. दाण्यांत माणूस दिसतोच, ढगातही दिसतो.

खरखर आहे ती ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याची. चित्र रंगवायचं सगळं ओझं त्या कार्डावर असतं. पंखा झिजला की कार्ड तापतं, आणि जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. दादाने तो संच त्यासाठीच आणला होता. पण वहिनी, हात लावू नका. कार्डाच्या मधोमध नखाएवढी उघडी चिप असते, काचेसारखी ठिसूळ. दुकानात रोज हेच काम करून माझ्याही हातून एक गेली आहे. महिनाअखेर मी येतो आणि बसवून देतो.

तुमची जाऊ विचारते की अजून किती दिवस एकट्या राहणार. मागची खोली तिने झाडून ठेवली आहे. या तुम्ही आता. फक्त तुमचा तो पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आमच्या घरात मावणार नाही. तो विकून टाकू.

रागावलात तरी चालेल, पण लोभ कमी करू नका.

तुमचा धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

अ. उ. आ. तुमची वाट बघायला हवी होती. बघितलीही असती, पण शुक्रवारी खिडकी दिसायच्या आधीच यंत्र बंद पडलं आणि शनिवारी नुसती रेती आली. मला वाटलं, महिनाअखेरपर्यंत हे तिथून उठून जातील.

काल दुपारी चांगल्या उजेडात बसले. कार्ड बाहेर काढलं, पंखा उतरवला, वाळलेला लेप कापसाने पुसला. खाली तुमची ती चिप निघाली, काळी आणि आरशासारखी. तिच्यात मला माझा डोळा दिसला. नवा लेप लावला, तांब्याचा ठोकळा वर ठेवला. इथपर्यंत सगळं कागदाबरहुकूम झालं. मग चार कोपऱ्यांचे चार स्क्रू. समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे आवळा, असं लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. मग पेचकस हातात घेतला आणि हात शिकंज्यावर असल्यासारखा चालायला लागला. पुस्तकबांधणीत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं: चाक अडलं की थांबायचं नाही, अजून पाव वळसा द्यायचा, नाहीतर पुस्तकाची पाठ बसत नाही. पहिलाच स्क्रू मी अडेपर्यंत आवळला आणि वर पाव वळसा दिला. आतून बारीक आवाज आला. आगकाडी मोडावी तेवढाच.

बाकीचे तीन मी तरीही आवळले, सावकाश, कागदात सांगितलं होतं तसे. का, ते विचारू नका. गेलेल्या माणसाचे केस आपण विंचरतोच ना.

संध्याकाळी वेळ झाल्यावर यंत्र सुरू झालं. दिवा लागला, पेटीतले लहान पंखे फिरले. खरखर नाही, आणि स्क्रीन काळीच. त्या काळ्यात एक बाई दिसत होती, खांदे पाडून बसलेली. मी तिच्यासमोर बराच वेळ बसले.

आज ठोकळा उतरवून पाहिला. चिपेचा एक कोपरा उडाला आहे, मिठाच्या खड्याएवढा. तुमचे दादा म्हणायचे, तुझ्या हातचं आवळलेलं कधी सुटत नाही. आता त्यांना काय सांगू ते सुचवा.

तुमचा राग पत्रातूनच पाठवा, फोन नको. माया होती तशीच आहे.

तुमची वहिनी

२१ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. राग आला होता, तो तुमच्या तीन स्क्रूंपाशी संपला.

चिपेचा कोपरा गेला म्हणजे कार्ड गेलं, त्याला औषध नाही. पण चित्र कार्डात नसतं. कार्ड म्हणजे नुसता रंगवणारा हात. खोली, खिडकी, मापं, दादाने मांडलेलं सगळं डिस्कवर आहे. ती डिस्क आणि ते कार्ड कापडात गुंडाळून पाठवा. इथे दुसऱ्या कार्डावर चालवून बघतो. दुकानातला माणूस आजारी आहे, त्यामुळे माझं येणं पुढे गेलं.

एक विचारायचं आहे. चित्र पुरं झालं तर जसं असेल तसं पाठवू, की आधी बघून मी ठरवू?

जाऊबाईंचा निरोप: जेवत जा. माझाही तोच, आणि लोभाची विनंती.

तुमचा धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

अ. उ. आ. पार्सल आज पाठवलं. जसं असेल तसं पाठवा. मी काही लहान नाही.

डिस्क नाही, कार्ड नाही, तरी संध्याकाळी पेटीचा दिवा लागतो. आणि मला खरखर ऐकू येते. तो पंखा मी माझ्या हाताने कार्डाबरोबर खोक्यात घातला, दोरा बांधला, गाठ मारली. तरी येते. आधी खरखर, मग टक्. हे तुमच्या बायकोला वाचून दाखवू नका.

चित्र बघून झालं की मी तुमच्याकडे येईन. मग इथे थांबून कोणाची वाट बघायची आहे? शिकंज्याला गिऱ्हाईक बघायला हरकत नाही. एवढंच की बघायला येणाऱ्याने त्याला लाथ मारून बघू नये. काही लोकांना तशी सवय असते.

तिला म्हणावं, जेवते मी. तुम्हा दोघांची आठवण काढून जेवते.

तुमची वहिनी

६ मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. चित्र पुरं झालं. छापून सोबत घातलं आहे. आधी पत्र वाचा, मग त्याची घडी उघडा. तुम्ही आधी घडीच उघडली असणार.

दादा त्यात नाही. मीही दाण्यांत त्यालाच शोधत होतो. दुकानाचं शटर ओढून एकटा बसलो होतो, आणि खांदे दिसले तेव्हा उठून उभा राहिलो, लहानपणी तो आत आला की राहायचो तसा. मग रेती खाली बसत गेली. खांदे निघाले लोखंडी खांबांवरच्या आडव्या पट्टीचे. डोकं निघालं चाकाचं. वहिनी, तो तुमचा शिकंजा आहे. बोळातून उचलून खिडकीपाशी ठेवलेला. पुढ्यात तुमचं बुटकं स्टूल, हाताशी दोऱ्याची रिळं, आणि कामावर पडेल असा उजेड.

कॉम्प्युटर कुठेच नाही. टेबल नाही, त्याची खुर्ची नाही. त्या भिंतीला फळ्या आहेत आणि फळ्यांवर बांधलेली पुस्तकं. खिडकीची वाकडी कडीसुद्धा त्याने चित्रात सरळ केली आहे.

आजारपणात त्याने एकदा मला फोन करून विचारलं होतं, शिकंजा सुटा केला तर खोलीच्या दारातून जाईल का. मी समजलो विकायचा विचार आहे. म्हणूनच तुम्हालाही तसं लिहून बसलो. तो बाहेर काढायचं नाही, आत न्यायचं विचारत होता.

आता आमच्याकडे या म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमची जाऊ चिडली आहे, झाडलेल्या खोलीचं काय करू म्हणते. मी म्हटलं, वहिनी चार दिवस राहायला आल्या की लागेलच.

शिकंज्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आहे. चूक केली असेल तर कान धरा, पण लोभ धरूनच.

तुमचा धाकटा

१५ मार्च

चि. भाऊजींस,

अ. उ. आ. घडी आधीच उघडली.

दोन दिवस ते चित्र मी पालथं घालून ठेवलं. इतकी वर्षं बोळात शिवत आले, ती खिडकी त्यांची म्हणून, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता मी मागितली नसताना ते उठून गेले आणि जागा करून ठेवली. मला अशी जागा नको होती. तोंडावर सांगितलं असतं तर आम्ही चांगले कडकडून भांडलो असतो, आणि ते भांडण मला हवं होतं. त्यांनी चित्र काढलं, आणि चित्राशी भांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या सुताराला बोलावलं. शिकंजा सुटा केला तर दारातून जातो. जेमतेम जातो, चौकटीचा रंग गेला. फळ्या पुढच्या आठवड्यात लागतील. कडी मीच सरळ केली. कॉम्प्युटर खोक्यात भरला आहे. तुमच्या दुकानात कामाला लावा.

काल खिडकीपाशी पहिलं पुस्तक दाबायला घेतलं. उजेड उतरला होता, पण दिवा लावायची गरज नव्हती. चाक अडलं. हात सवयीने पुढे निघाला, आणि मागून आवाज आला. आधी खरखर, मग टक्, मग लांब घरघर. कॉम्प्युटरची वायर गुंडाळून माझ्या स्टुलाखाली पडलेली होती, ती मला पायाला लागत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. आवाज थांबेपर्यंत चाकावर हात ठेवून बसले. पाव वळसा द्यायचा राहू दिला.

आज सकाळी पुस्तक काढलं. पाठ बसली आहे.

खोका न्यायला याल तेव्हा संध्याकाळी या. जावेलाही आणा, तिला खिडकीत बसवते. तुम्हाला ऐकू आलं तर मला सांगू नका, आणि नाही आलं तर मुळीच सांगू नका.

माझा लोभ तुमच्याकडे आहे, तो जपून ठेवा, मला तुमचा पुरतो.

तुमची वहिनी