छपराच्या पुलाचा फोटो

अप्पा, तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्या पुलाबद्दल मी अजून कुणापाशी बोललेले नाही. तुमची नजर गेली त्याच वर्षी तो पाडायचं ठरलं. अक्कलकोटच्या वाटेला, बाभळी-लिंबांच्या दाट राईतल्या ओढ्यावरचा तो लाकडी पूल फार जुना. त्यावरचं कौलारू छप्पर मात्र आजोबांनी उभारलेलं, खांबांवरची नक्षी त्यांच्या हातची. नवरा गेल्यावर मी माहेरी आले होते आणि सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या फोटोच्या दुकानात तुमच्याकडून फोटो काढायला शिकत होते. "माझ्या बापाचं एवढं एकच काम उरलंय. तू काढ, मी बाजूला उभा ऱ्हातो," तुम्ही म्हणालात. काचेच्या दोनच प्लेटा शिल्लक होत्या, त्यांतली एक दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला ठेवायची होती. पाडायच्या आदल्या दिवशी राईत पोचल्यावर तुम्ही चाचपडत पुलावर गेलात आणि एका खांबाला गाल लावून उभे राहिलात. मी काळ्या कापडाखालून बघते आहे, डोळे भरून आलेत, काही धड दिसत नाही. प्लेटीपुढची उजेड अडवणारी पट्टी ओढलीस का, आवाज नाही आला, असं तुम्ही तिथूनच विचारलंत. मी व्हय म्हणाले.

अंधाऱ्या खोलीत काच धुतली, तर ती आरपार कोरी. पट्टी मी ओढलीच नव्हती. पहाटे तुम्हांला न सांगता लग्नाची प्लेट घेऊन मी बैलगाडीने पुन्हा राईत गेले. पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि छप्पर खाली आलं होतं. माणसं खांब करवतीने कापत होती. मी मुकादमाच्या पाया पडले, एक तरी खांब उभा करून धरा म्हणून विनवलं. तो वाईट नव्हता. "काल यायचं हुतं की, बाई. आता काय ऱ्हायलंय हितं?" एवढंच म्हणाला. कॅमेऱ्याची तिपाई न उघडताच मी परतले आणि लग्नाच्या घरी गेले.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "नक्षी दिसतीया का?" मी दिसतीया म्हणाले, आणि ती कोरी काच तुमच्या हातात दिली. तुम्ही ती धोतराच्या सोग्याने पुसलीत, उशाशी ठेवलीत. पुढे रोज मी तुम्हांला तो फोटो सांगत राहिले: कौलं, पानांची सावली, खांबाशी तुम्ही. तुम्ही मान हलवत ऐकायचात. कागदावर छापून दे, असं एकदाही म्हणाला नाहीत. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मग काका आले आणि फोटो बघायला मागू लागले. मी दारातच उभी होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्याच हातनं फुटली ती काच. पोरीनं लई चांगला काढला हुता." काच तर उशाशी धड होती, अप्पा. तुम्हांला सगळं ठाऊक होतं. काका गेल्यावर आपण दोघंच होतो, आणि तुम्ही माझ्याकडे तोंड करून वाट बघत बसला होतात. मी चहा टाकते म्हणून आत गेले, आणि चहा उकळून आटला तरी बाहेर आले नाही.