गेटच्या आत ‘मला’

४ जून, ऊर्जानगर
वीजकेंद्रात नोकरी पक्की, क्वार्टर भेटलं. मीटिंगमधी पह्यल्याच दिवशी बोललो, मले काऊन विचारून राह्यले? सारे हासले. साहेब पुण्याचे. ठरवलं: कॉलनीच्या गेटच्या आत ‘मला’, बाहेर ‘मले’. बटन दाबल्यावानी. माय फोनवर म्हणे, लवकर येजो रे बाबू. मोतीबिंदूनं तिले दिसत नाई, मले आवाजावरून वयखते. आवाज काई बदलत नाई.

१९ जून, सकाळी ६
आरशासमोर ‘मला’ पन्नास वेळा. दाढी राहून गेली. बायको, दिव्यानी, म्हणे, पोयी जळून राह्यली, तुमाले वास नाई येत? तिला ‘पोळी’ म्हणायला सांगितलं. तिने तवा आपटला. माझ्या प्रगतीचं हिला काही नाही.

२ ऑगस्ट
साहेब म्हणाले, प्रफुल, तुम्ही कुरखेड्याकडचे वाटतच नाही. छाती फुगली. आयडेंटिटी मात्र जपतोच. भात गावच्याच तांदळाचा खातो.

१५ सप्टेंबर
आईला फोन. तिने विचारलं, कोण बोलून राह्यले जी? रेंजचा प्रॉब्लेम. दिव्यानी म्हणते, तुमी तिले ‘आई’ म्हटलं. म्हटलं असेल. गेटच्या आत होतो ना.

९ ऑक्टोबर
बहिणीचा, पुनमचा फोन. आई वाट पाहते. पुढच्या रविवारी नक्की.

२० ऑक्टोबर
शटडाऊनची ड्यूटी. त्याच्या पुढच्या रविवारी.

२३ नोव्हेंबर, परतीच्या बसमध्ये
पुनम धान कापायला गेली होती. आई अंगणात एकटीच. म्हटलं, आई, मी आलोय. ती पदर सावरून उठली, बसा साहेब म्हणाली. मी प्रफुल आहे म्हटलं, तर हसली. थट्टा नोका करू जी, माझा पोरगा असा नाई बोलत. ऊर्जानगरले आहे तो. त्याले सांगजा, माय वाट पाहून राह्यली.

‘माय’ म्हणायचं होतं. गेट तर केव्हाच मागे राहिलं होतं. तोंडातून निघेचना. मला रडू आलं.

पुनमने येऊन सांगितलं तेव्हा आईने माझं तोंड चाचपलं. नाक, कान, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण. ओळखलं. पण पुढे सगळं ‘तुमी’. भात वाढू का जी? पोट भरलं का तुमचं?

निघताना ‘येजो’ नाही म्हणाली. येजा जी, म्हणाली.