तुमचा चौकोन

अहो,

आधी रक्तदाबाची गोळी घ्या, मग वाचा.

प्रशिक्षण छान चाललंय. लष्कराच्या यंत्रणेत कोण कोणावर अवलंबून आहे, याचे नकाशे काढायला आम्ही शिकतोय. खरी यंत्रणा गुप्त, म्हणून सरावाला आपापलं घर काढायचं होतं: प्रत्येक माणूस एक चौकोन, आणि तो ज्याच्या भरवशावर, त्याच्याकडे बाण.

माझ्या नकाशात सगळे बाण माझ्याकडे आले, तुमच्या चौकोनाकडे एकही नाही. शिकवणारे कर्नल म्हणाले, "बाई, हा बिनकामाचा. खोडून टाका."

नोकरी सुटल्यापासून तुम्हीही स्वतःला हेच म्हणता. मी भडकलेच. "खोडा काय? यांच्याच भरवशावर घर टाकून आलेय!"

"मग बाण कुठाय?"

वर्ग हसला. मी माझ्याकडून तुमच्याकडे बाण काढला, पण इतका जाड की तुमच्या आईंचा चौकोन पार झाकला गेला.

मुलं जेवतात ना नीट? आणि तुम्ही?

आईंना नमस्कार सांगा. नकाशाचं मात्र बोलू नका.

तुमचीच