तुझ्या माइकवरून

खामगाव,
मंगळवार, १६ ऑक्टोबर २००७

प्रिय जाकीर,

सलाम. ईद होऊन दोन दिवस झाले, तरी मुबारकबाद घे. सरवरीभाभी आणि लेक रुबिना बऱ्या असतील. तुझ्या मेव्हण्यानं, फकीर मोहम्मदनं, सुलतानपूरचा पत्ता दिला. बाकी काही सांगितलं नाही.

इकडे कापसाची पहिली वेचणी चालू आहे. बीटीच्या शेतांवर यंदा लाल्या आलाय, पानं तांबडी पडलीत. एरवी यावर तुला तासभर ऐकवलं असतं. माझ्या सभांचा माइक सांभाळत वीस वर्षं ऐकलंस. आज थोडक्यात लिहायचं ठरवलंय, आणि तेच जमत नाही.

माझी दारू सुटलीय. जूनपासून थेंब नाही.

वाट तुझ्या प्रतिमावहिनीनं शोधली. तिच्या ऑफिसातल्या बाईंचे यजमान जातात तिथं. म्हणाली, "सोमवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. जाल?" मला वाटलं, मार्गदर्शनाला बोलावलंय. दारूबंदीवर माझ्याइतकं बोललेला माणूस या जिल्ह्यात दुसरा कोण? टिपणं काढली, इस्त्रीचा झब्बा घातला. घसा मोकळा व्हावा म्हणून निघताना दोन घोट घेतले.

बारा-तेरा माणसं गोलात बसलेली. मी उभा राहिलो. इंग्रजांच्या अबकारीपासून सुरुवात केली ती बियाण्याच्या कंपन्यांपर्यंत पोचलो. चाळीस मिनिटं. टाळी नाही. जिनिंगमध्ये हमाली करणारे एक काका होते (नाव लिहीत नाही, तिथलं तिथंच ठेवायचं असतं). ते म्हणाले, "भाऊ, सरकारचं समजलं. तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुमच्या तोंडाचा वास इथवर येऊन राह्यला."

कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी गेलो. तिथं प्रत्येकानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं, तेही चार-पाच मिनिटं. दुसऱ्याला उपदेश नाही. "माझं नाव लक्ष्मीकांत, मी दारुडा आहे" एवढं वाक्य तोंडातून निघायला मला तीन बैठका लागल्या. हजारोंपुढे गरजलो होतो. तेरा जणांपुढे घाम फुटला.

मग काकांनी त्रासाची यादी करायला लावली. मी दोन पानं भरली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि परत दिली. "हे तं तुमाले ज्यायनं तरास देला त्यायची यादी हाय. तुमी कोणाले देला?"

नवा कागद घेतला. पहिलं नाव तुझं लिहिलं.

जाकीर, इतका वेळ मी आजूबाजूचं लिहितोय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पिंपळगाव राजाच्या दारूबंदी सभेतली ती बाटली माझी होती. तू भोंगा बांधायला लिंबावर चढलास, तेव्हा मी ती तुझ्या अॅम्प्लिफायरच्या पेटीत लपवली. भाषणाच्या मध्यात बायकांनी पेटी सरकवली आणि बाटली घरंगळत बाहेर आली. सगळ्या तुझ्यावर धावल्या. जन्मात ज्यानं चव घेतली नाही त्याच्यावर. माझ्या हातात माइक चालू होता. मी म्हणालो, "असल्या माणसाला या चळवळीत जागा नाही." तुझ्याच भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, वायर गुंडाळलीस आणि गेलास.

तुझी कामं सुटली, रुबिनाची जुळत आलेली सोयरीक थांबली, हे मला महिन्याभरात कळलं होतं. तेव्हाही मी गप्प बसलो. हे दारूवर ढकलणार नाही. सकाळी, शुद्धीत असतानाही मी गप्पच होतो.

गेल्या शुक्रवारी पिंपळगावला गेलो. बचत गटाच्या बायका देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. माइक नव्हता. म्हणालो, "ती बाटली माझी होती. जाकीरचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो."

सोजराबाई म्हणाली, "झालं? एवढंच भाषण?"

"एवढंच."

गटाच्या अध्यक्ष केसरबाई सुपारी कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दोन वर्सं लागले तुमाले इथवर याले? एस्टी तं तासाभरात येते." बाकीच्या हसल्या, मीही हसलो, मग रडलो. केसरबाई अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "तुमचं बोलणं लय भारी, म्हून आमी त्या गरिबाले इचारलंबी नाही. दिवाळीच्या आधी मेळावा हाय आमचा. माइक त्याचाच पाह्यजे. मी सोता माफी मागीन त्याची, सांगा त्याले."

"आणि मी?"

"तुमी खाली बसा, आमच्यासंग."

तो निरोप पोचवतो आहे. मेळावा रविवारी, चार नोव्हेंबरला. यायचं की नाही, तू ठरव. आलास तरी माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. रुबिनाच्या सोयऱ्यांकडे जाऊन हीच तीन वाक्यं बोलायची माझी तयारी आहे, पण तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. तुझ्या नावावर आजवर मी न विचारता पुष्कळ बोललो.

सरवरीभाभींना हे पत्र वाचून दाखव. सगळं.

तू म्हणेपर्यंत पुढे 'मित्र' लिहीत नाही. नुसताच,

लक्ष्मीकांत