'मी शे ना, ताई'

गुरुवार, संध्याकाळ. पिंप्राळा.

नोकरी लावून देणारा एजंट आमच्या चोपड्याकडचा निघाला, म्हणून मी त्याला लगेच भाऊ म्हणून मोकळी झाले. तिथेच चुकलं. फॉर्ममध्ये 'सध्याची नोकरी का सोडायची?' असा रकाना होता. मी काहीतरी गुळमुळीत लिहीत होते, तर म्हणाला, "बठ्ठं खरं लिख. मी शे ना, ताई!" 'आहे'च्या जागी आलेल्या त्या आमच्या अहिराणी 'शे'ला भुलले. लिहून टाकलं, 'मालक बायकांशी नीट बोलत नाहीत.'

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझाच फॉर्म! भाऊने तो जळगावातल्या सगळ्या डाळमिलना पाठवला होता, आमच्याही. मालक ओरडले नाहीत. सगळ्या स्टाफला आत बोलावून तो रकाना मला मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

आईला अजून सांगितलेलं नाही. इतकी कशी भाबडी मी? एका 'शे'वर?

आत्ताच भाऊचा फोन येऊन गेला. आवाज तसाच गोड. "ताई, डाळमिलमा क्लार्कनी जागा निंघनी शे. तुना घरजवळच!"

कुठली मिल, विचारलं. त्याने नाव सांगितलं. जागा माझीच होती.