डावीकडचं कपाट

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मी भलतंच बोलत बसते, म्हणून लिहायला घेतलं. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या भाच्याने दाढी वाढवली आहे, बघवत नाही.

वर्गाचं सांगते. या वर्षी बावीस मुलं आहेत. गेल्या महिन्यात त्यांना यथार्थदर्शन शिकवायला घेतलं. जवळचं मोठं, लांबचं लहान, आणि खोलीच्या सगळ्या रेषा एकाच बिंदूकडे कशा धावतात ते. नुसता नियम सांगून मुलांना पटत नाही, म्हणून मी मागच्या भिंतीशी स्टुलावर बसून समोर दिसत होती तशी खोली त्यांच्यादेखत काढली. फळा, स्टुलांच्या रांगा, खिडकी, फरशीच्या रेषा. झकास जमलं होतं गं. तेवढ्यात आमची टकळी (हिचं तोंड मिटतच नाही, म्हणून हे नाव) म्हणाली, "बाई, डावीकडचं कपाट कुठे गेलं?"

मान वळवली तर कपाट होतं. माणसाएवढं उंच, हिरवं, एकोणीस वर्षं मी त्यात रंग ठेवते आहे. मान सरळ केली की नव्हतं. तिथे काळोख नव्हता की भोक नव्हतं, नुसती भिंतच पुढे गेल्यासारखी वाटत होती. मी म्हटलं, "शाबास! मुद्दामच सोडलं होतं, कोणाचं लक्ष आहे ते बघायला." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तरी कोणाला बोलले नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मग मागच्या सोमवारी एका बुजऱ्या मुलीच्या चित्रावर माझ्या कोपराने ब्रश धुवायचं भांडं कलंडलं. आठ दिवस खपून तिने संध्याकाळचं आकाश रंगवलं होतं. निळा कुठे संपतो आणि जांभळा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. सगळं वाहून गेलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. उलट तीच म्हणाली, "असू द्या बाई, मी परत काढते."

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. यंत्रात तोंड घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, पैकीच्या पैकी मिळाले. कागद हातात आला तर कडा काळ्या, डावीकडची जास्तच. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, मुकाट्याने कडेकडेने खात येतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. शाळेत अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? रस्ता ओलांडताना हल्ली दहादा मान फिरवते.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कोणाला?" मी नाही म्हटलं आणि जिना उतरता उतरता थबकले. बाबा आठवले. चौकटीला खांदा आपटायचे, पेल्याबाहेर पाणी ओतायचे, आणि आपण दोघी तोंडावर हात ठेवून खुदखुदायचो. शेवटची दोन वर्षं ते खोलीबाहेर पडले नाहीत, तेव्हा आपण म्हटलं, वय झालं. मी तशीच परत वर गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला सख्खी भावंडं किती?"

एकच, तू. मागच्या महिन्यात तू हसत हसत सांगितलंस, की गाडी फाटकाला घासली, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा, आणि मीही हसले. तेव्हाचं ते हसणं आता मला झोपू देत नाही. कदाचित काहीच नसेल. पण बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि उशिरा बघून काय होतं ते मी भोगते आहे. तुझ्या गावातल्या डॉक्टरांकडे गुरुवारी अकराची वेळ मी परस्पर घेतली आहे. बुधवारी संध्याकाळी पोचते. तोवर गाडीची किल्ली मेहुण्यांकडे दे. मुलांना तेच शाळेत सोडतील. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड, पण चल.

तुझीच, कधी नव्हे ती घाबरलेली,
ताई